पाणी पिणाऱ्या अमीबाचे पान

ज्याला तोंड नाही, घसा नाही, अंगात एक हाड नाही, तो जीव पाणी पीत नाही, असे तुम्हाला कोणी सांगितले? आणि ज्याने सांगितले त्याने तो जीव कधी डोळ्यांनी पाहिला होता का?

हा प्रश्न मी शांतपणे विचारत नाही. त्यावरून माझ्या पुस्तिकेतले एक पान अडवले गेले. बाकीची पाने कोणाला खुपली नाहीत. तेवढे एक पान काढ, नाहीतर बदल, असे मला सांगण्यात आले. मी काढले नाही आणि बदललेही नाही. ते का, एवढेच इथे लिहायचे आहे.

आधी मी कुठून आले ते सांगते. आमचे गाव रत्नागिरीजवळच्या पालीच्या अलीकडे, सडकेपासून आत. गावातले बहुतेक बाप्ये मुंबईला गिरणीत असत. माझे वडील मात्र एका छापखान्यात जुळारी होते, शिशाचे खिळे जुळवून ओळी बांधण्याचे काम करीत. शिमग्याला घरी येताना ते छापखान्यातले फसलेले कागद ट्रंकेत अंथरून आणत. कधी शाई उतरलेली नसे, कधी कागद वाकडा कापलेला असे. आई ते कागद फळ्यांवर घाली, त्यांत फणसपोळी गुंडाळी. मी ते सोडवून वाचत असे. दारूविरुद्धची पत्रके, विधवांच्या केशवपनाविरुद्धची पत्रके, उकळलेले पाणी प्या म्हणून सांगणारी, सार्वजनिक विहिरी सर्वांच्या म्हणून गर्जणारी. गोष्टींची पुस्तके आमच्या घरी नव्हतीच. माझ्या लहानपणी जे काही वाचायला होते ते सगळे कोणाशी तरी भांडत होते.

त्यातही गंमत अशी की कागद मधेच कापलेला असायचा. लेखक तावातावाने म्हणायचा, ‘म्हणूनच आमचे असे ठाम म्हणणे आहे की’, आणि तिथे कात्री. पुढचे म्हणणे मी स्वतः मनात रचत असे. वडिलांना ते कळले तेव्हा ते हसून आईला म्हणाले, “हिला आता अख्खा कागद आणला पाहिजे. नाहीतर ही दुसऱ्यांच्या भांडणात आपलीच वाक्यं घुसडत बसेल.”

पुढे त्यांनीच मला रत्नागिरीला शिकायला ठेवले. शिकून मी तिथल्याच बंदरावर, मिरकरवाड्याच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले. मुली हुशार होत्या, पण बंदरावर होड्या लागल्या की वर्ग निम्मा रिकामा होई. मासळी निवडायला हात लागतात. त्याबद्दल मी कोणाला कधी बोल लावला नाही.

रत्नागिरी गावात सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या एका डॉक्टरांचा दवाखाना होता. हिवतापाचे रक्त तपासण्यासाठी त्यांनी पूर्वी पितळेचा सूक्ष्मदर्शक आणला होता. सगळे त्याला दुर्बीणच म्हणत. मी क्विनाइन घ्यायला गेले असताना तो काचेच्या पेटीत पाहिला आणि थेट विचारले, “मला बघू द्याल?” डॉक्टर चकित झाले. त्यांच्याकडे येणारी माणसे औषध मागत, दुर्बीण कोणी मागितली नव्हती. त्यांनी ती दिली. हे त्यांचे उपकार मी नाकारीत नाही. शनिवारी दुपारी मी जाई, ते आरामखुर्चीत पेपर वाचत आणि मी भिंगाला डोळा लावून बसे. पुस्तके आणि मासिकेही त्यांचीच वाचली. इंग्रजी अडले की ते खुर्चीतूनच अर्थ सांगत.

आमच्याकडे जांभ्याचे चिरे काढून झाले की खाणीत पाणी साठून राहते. त्यात पाने कुजतात. अशा पानाच्या खालच्या बाजूचा बुळबुळीत लेप खरवडून मी बाटलीतून नेत असे.

“काय गो, आणलंस पुन्हा डबकं?” डॉक्टर नाक मुरडत. “माझ्या दवाखान्यात रोगी कमी नि डबकी जास्त झाली.”

“रोग्यांपेक्षा ही बरी, डॉक्टर. औषध मागत नाहीत.”

“आणि बरीही होत नाहीत!”

त्या लेपात मला अमीबा पहिल्यांदा दिसला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पेजेचा एक थेंब काचेवर सांडावा आणि त्या थेंबाला वाटावे की आपण पलीकडे जावे, तसा तो दिसतो. एकच पेशी. तोच देह, तेच पोट, तेच पाय. कडेचा एखादा भाग पुढे फुगतो, आतले दाणेदार द्रव्य तिकडे धावते, आणि सगळा थेंब मागून ओघळत जातो. वाटेत बारीक जीव भेटला की दोन बाजूंनी दोन बाहू निघतात, त्याला घेरतात, बाहूंची टोके मिळतात, आणि जीव आत जातो.

ते पाहून मला भाट्याच्या वाळूवरची रापण आठवली. कोकणाबाहेरच्या वाचकाला रापण माहीत नसेल. लांबच लांब जाळ्याचे एक टोक किनाऱ्यावर ठेवतात. होडी दुसरे टोक घेऊन समुद्रात शिरते, जाळे सोडत सोडत मोठा वळसा घेते आणि किनाऱ्याला परत येते. मग दोन्ही टोकांच्या दोरांना माणसे लागतात आणि ओढतात. वळसा लहान होत जातो, आतले पाणी, मासळी, शेवाळ, सगळे वेढ्यात सापडते. रापणीचा एक रिवाज आहे. दोराला ज्याचा हात लागला त्याला मासळीतला वाटा. तो नंतर आला, म्हातारा आहे, दुसऱ्या वाडीचा आहे, हे कोणी विचारत नाही.

पण रापणीला दोर असतात आणि दोर ओढणारी माणसे असतात. अमीबाच्या अंगात कोण ओढते? ज्या थेंबात एकही हाड नाही त्याला बाहू कसा काढता येतो? हा प्रश्न मला झोपू देईना. पुस्तकांत मिळाले ते असे. पेशीचा बाहेरचा थर खरवसासारखा घट्ट असतो, आतला भाग पातळ. बाहू काढायचा असेल तिथे घट्टपणा सैल होतो, पातळ द्रव्य त्या वाटेने पुढे जाते आणि पुढे जाऊन पुन्हा थिजते. मागचे घट्ट पुन्हा पातळ होते. काही पंडितांना वाटते की त्या घट्टपणामागे अतिशय बारीक धाग्यांचे जाळे असावे. ते अजून कोणाला दिसलेले नाही. म्हणजे पेशीला सांगाडा असलाच तर तो आपल्या हाडांसारखा कायमचा नव्हे. तो लग्नाच्या मांडवासारखा आहे. हवा तिथे उभा केला, काम झाले की सोडला, आणि त्याच वाशांचा दुसरीकडे पुन्हा घातला.

मुंबईचा एक संपादक विज्ञानावरच्या स्वस्त पुस्तिका काढीत असे. त्याच्या पुस्तिका वडिलांच्याच छापखान्यात छापल्या जात. मी त्याला पेशीवरची पुस्तिका लिहून पाठवली. त्याला ती आवडली, पण अट एक. लेखिका पदवीधर नाही, तेव्हा एखाद्या पदवीधर जाणकाराने वाचून सही करावी. मी हस्तलिखित घेऊन अर्थातच डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी सगळे मन लावून वाचले, दोन ठिकाणी माझी चूक सुधारली, आणि एका पानाशी थांबले. त्या पानावर मी लिहिले होते की पेशी पाणीसुद्धा पिते. तिच्या कडेला खळगी पडते, खळगीची आत जाणारी गल्ली होते, गल्लीच्या टोकाला पाण्याचा थेंब चिमटला जाऊन आत सुटतो. आणि हे सगळे तोच मांडवासारखा सांगाडा, रापण ओढणाऱ्या माणसांसारखा, घडवून आणत असला पाहिजे.

“हे कुठून आणलंस?” डॉक्टरांनी विचारले.

“तुमच्याच मासिकात आलं होतं. परदेशात कोणी जिवंत पेशींची हलती चित्रं घेतली, त्यांत पेशी पाणी गिळताना दिसल्या.”

“त्या पेशी वेगळ्या. तू अमीबाचं लिहिलं आहेस.”

“अमीबाही पिताना मी पाहिला. एकदा.”

“एकदा!” त्यांनी चष्मा काढला. “अगो, पाणी अमीबाच्या अंगात आपोआप मुरतं. मडक्यातून झिरपतं तसं. मुरणं वेगळं आणि पिणं वेगळं. खातो म्हण, मी आत्ता सही करतो. पितो म्हणू नकोस.”

त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता, हे मला त्याही वेळी कळत होते. मुरणे आणि पिणे यांत फरक आहेच. पण मी ती गल्ली पाहिली होती. काठापासून आत गेलेली, चकचकीत, आणि तिच्या टोकाला सुटलेला मणी. डॉक्टरांना हाक मारेपर्यंत अमीबा काचेच्या कडेला गेला होता. त्यानंतर किती शनिवार गेले, पुन्हा काही दिसले नाही. पाहिले ते खरे, पण दाखवता येत नाही, यापेक्षा वाईट अवस्था लिहिणाऱ्याची नसेल.

“आणि ही रापण काढ,” ते पुढे म्हणाले. “शास्त्राच्या पानाला मासळीचा वास कशाला? मुंबईचे लोक हसतील.”

“मुंबईचे लोक मासळी खात नाहीत का?”

“खातात. वाचत नाहीत.”

मी हसले नाही. म्हटले, “डॉक्टर, मी त्याला पिताना दाखवलं तर पान आहे तसं ठेवाल? रापणीसकट?”

“दाखव. मग बोलू.”

“दाखवते. पण इथे नाही. शाळेच्या पडवीत, मिरकरवाड्याला. ज्यांची रापण मी लिहिली त्यांनाही बघू दे.”

दुर्बीण दवाखान्याबाहेर कधी गेली नव्हती. शेवटी त्यांनी होकार दिला. तो का दिला ते मला अजून कळलेले नाही. बहुधा मी फसणार याची त्यांना खात्री होती.

ठरल्या दिवशी सकाळचा मासळीचा लिलाव आटोपल्यावर पडवीत माणसे जमली. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई, जिला मी काकी म्हणत असे, ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. मासळीची टोपली डोक्यावर घेऊन गावभर फिरणारी बाई, आवाज बंदरापासून ऐकू यावा असा. काचा लखलखीत धुतलेल्या हव्यात असे मी आदल्या दिवशी म्हटले होते, तर तिने ते काम स्वतःकडे घेतले होते. पदराच्या गाठीत बांधून आणलेल्या काचा तिने दागिन्यासारख्या माझ्यापुढे ठेवल्या.

डॉक्टर पेटी छातीशी धरून आले. मला धरायला देईनात. त्यांनी दुर्बीण मांडली, आरसा उन्हाकडे केला आणि सवयीने पहिल्यांदा डोळा लावायला वाकले.

“ओ डाक्टर,” काकी म्हणाली, “रांगेत हुबे रावा. रापणीला मागून आलेल्यालाबी वाटा मिळतो, पन पुढं घुसल्याला न्हाय.”

पडवी हसली. डॉक्टर लाल झाले, पण रांगेत उभे राहिले, काकीच्या मागे. हे मी विसरणार नाही. त्या माणसाबद्दल पुढे मला जे लिहायचे आहे ते लिहिताना हेही लिहिलेच पाहिजे.

मी खाणीतल्या लेपाचा थेंब काचेवर ठेवला आणि पाहू लागले. अमीबा सापडला, चांगला मोठा. पण त्याचे बाहू आत जाऊ लागले. बघता बघता तो आखडला, चालायचा थांबला आणि कडेला आखूड आखूड बोंडे फुटलेल्या गोळ्यासारखा होऊन बसला. हललाच नाही.

माझ्या चेहऱ्यावरून डॉक्टरांना कळले. त्यांनी रांग सोडली आणि वाकून पाहिले. “मेला,” ते म्हणाले.

“अगो बाय!” काकी ओरडली. “आमच्या दारात आनून मारलात व्हय त्याला?”

मी काच उचलली. दुसरी, कोरी काच. उन्हात तिरपी धरली तर तिच्यावर धुक्यासारखा पांढरा पापुद्रा. मी ती जिभेला लावली. खारट.

“शी!” डॉक्टर म्हणाले.

“काकी, काचा कशात धुतल्यास?”

“कशात म्हंजे? दर्याच्या पान्यात. चांगल्या तीनदा बुचकळल्या, पदरानं पुसल्या.” तिला माझा प्रश्नच विचित्र वाटला. “गोडं पानी काय भांडी धुवायला असतं? डोक्यावरनं वाहून आनतो आमी.”

तिचे खरे होते. मिरकरवाड्यात गोडे पाणी पिण्यासाठी आणि भातासाठी. बाकी सगळे, टोपल्या, विळ्या, हातपाय, समुद्रावर धुवायचे. इतक्या साध्या गोष्टीचा मला विसर पडला होता, आणि तिला त्यात चूक अशी दिसतच नव्हती.

“खारवलंत तुम्ही त्याला,” डॉक्टर हसत म्हणाले. आता त्यांना राग राहिला नव्हता, ते जिंकले होते. “सुकट झाली त्याची. चला, पेटी भरू या.”

त्यांनी दुर्बिणीला हात घातला. मी तो धरला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या अंगाला हात लावला. “थांबा. अजून फुटलेला नाही. मेलेला अमीबा फुटतो, आतले दाणे बाहेर सांडतात. तुम्हीच शिकवलं आहे.”

आणि मी पुन्हा डोळा लावला. मागे कोण काय बोलत होते ते मला ऐकू येत होते. पोरी खिदळत होत्या, कोणी म्हणत होते बाईचं डोकं फिरलं. मी उठले नाही. उठले असते तर ते पान तिथेच संपले असते, एवढे मला समजत होते.

मग एका बोंडाच्या टोकाला खळगी पडली. टाचणीचे टोक लोण्यात घुसावे तशी. खळगी खोल झाली, तिची अरुंद गल्ली झाली आणि गोळ्याच्या आत आत शिरू लागली. गल्लीच्या आतल्या टोकाला पाणी फुगले, मागची वाट चिमटली गेली, आणि एक स्वच्छ गोल मणी सुटून दाण्यांच्या गर्दीत नाहीसा झाला. लगेच त्याच गल्लीत दुसरा. शेजारच्या बोंडातही गल्ली. जो मेला म्हणून जाहीर झाला होता तो सगळ्या अंगाने पीत होता. चालणे सोडून तो एका जागी बसला होता तो यासाठीच.

“पितोय,” मी म्हटले. आणि भिंगापासून बाजूला झाले.

रांगेप्रमाणे आधी काकी. तिने एक डोळा हाताने दाबून धरला आणि खूप वेळ पाहिले. “हे बारीक बारीक बुडबुडं?” ती म्हणाली. “येवढंच? यासाठी येवढी पेटी?”

“एवढंच, काकी.”

“मग खारं सुकाट खाल्लं का मानूस पानी पितंच की. त्यात बघायचं काय!”

हे शास्त्र नव्हते, विनोद होता, आणि सगळे मनमुराद हसले. तिच्यानंतर एका म्हाताऱ्या तांडेलाने, होडीच्या प्रमुखाने, डोळा लावला. तो आयुष्यभर रापणीला होता. त्याने मान वर केली ती नाराजीने. “जाळं आत ओढलं जातंय ते दिसलं. पन ओढतंय कोन? मानसं दिसत न्हायत.”

“ती अजून कुणालाच दिसलेली नाहीत, आजोबा.”

“मग तुमची दुर्बीन लहान हाय,” तो म्हणाला, आणि हे मात्र अगदी खरे होते.

डॉक्टर सर्वांत जास्त वेळ वाकून राहिले. भिंग वरखाली केले, आरसा हलवला. उठले तेव्हा त्यांनी रुमालाने कपाळ पुसले आणि मला पडवीच्या कोपऱ्यात नेले.

“दिसलं मला,” ते हळू म्हणाले. “मुरणं नव्हे ते. मी सही करतो.”

मी रडण्याच्या बेतात होते. तेवढ्यात ते म्हणाले, “पण नीट लिहू या. प्रयोग दवाखान्यात केला असं लिही. ‘विरल क्षारद्रावणात’ असं लिही. ही पडवी, ती काच, ही बाई दर्यावर भांडी धुते, यातलं काही नको.”

“पण दवाखान्यात झालं नाही.”

“कागदावर होऊ दे. कोणाचं नुकसान आहे?”

“वाचणाऱ्याचं. मिठाशिवाय ते आज दिसलंच नसतं. दवाखान्यात इतके शनिवार गोड्या पाण्यानं काचा धुतल्या, त्या एका वेळेपलीकडे काय दिसलं? आणि किती क्षार, कसले क्षार, तुम्हाला माहीत आहे? मला नाही. मला एवढंच माहीत आहे की समुद्रात धुतलेली काच होती. तेच लिहिलं पाहिजे. नाहीतर दुसऱ्या कोणाला करून बघता कसं येईल?”

“अगो, तुझ्या भल्याचं सांगतो. माझ्या सहीखाली कोळणीची चूक छापायची?”

“चूक झाली म्हणून तर दिसलं.”

“मग सही नाही.”

“नको.”

हे इतक्या पटकन झाले. त्यांनीही माघार घेतली नाही, मीही नाही. त्यांनी भिंगे पुसली, पेटी भरली आणि छातीशी धरून उन्हातून निघून गेले. काकीने पाठीमागून विचारले, “डाक्टर, चहा तरी घ्या की!” त्यांनी मान हलवली, मागे पाहिले नाही.

पुढच्या शनिवारी मी गेले तेव्हा काचेच्या पेटीवर कापड होते आणि पेटीला कुलूप. “भिंग दुरुस्तीला काढलंय,” ते म्हणाले. त्याच्या पुढच्या शनिवारीही काढलेलेच होते. मग मी जाणे सोडले. त्या पानाला पडवीतली हकीकत घडली तशी जोडून मी हस्तलिखित संपादकाला पाठवले, आणि सहीशिवाय छापता येत नाही म्हणून त्याने ते परत केले.

मी हस्तलिखित वडिलांना पाठवले आणि सगळी हकीकत कळवली. त्यांनी उत्तरात सल्ला दिला नाही, समजूत घातली नाही. मालकाची परवानगी घेऊन त्यांनी स्वतः खिळे जुळवले आणि पुस्तिका संपादकाच्या नावाशिवाय, सहीशिवाय छापली. मुंबईच्या आगबोटीवरून गोणपाटात शिवलेला गठ्ठा बंदरात उतरला. उघडून पाहिला तर अडलेले पान जसे लिहिले तसेच होते. रापण होती, पडवी होती, समुद्रात धुतलेली काच होती. वडिलांनी एकही शब्द गाळला नव्हता. उलट त्या पानाला जरा मोठा खिळा वापरला होता.

काकीला वाचता येत नाही. तिच्या मुलीने तिला ते पान वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी ती शाळेत येऊन वर्गाच्या दारात उभी राहिली. “माझी चूक छापलीस व्हय गो बाय! गावभर!”

“नाव नाही छापलं, काकी.”

“नाव न्हाय, पन दर्यात काचा धुनारी दुसरी कोन हाय?” मग तिने कमरेवर हात ठेवले. “अंजनवेलला माझी बहीन हाय. तिला एक दे. तिला वाटतं आमी इथं नुसती मासळीच इकतो.”

मी दोन दिल्या.

शहाण्या लोकांनी मात्र त्या पानाची चांगलीच खबर घेतली. सही नाही, म्हणजे शास्त्र नाही. आजारी अमीबाचा आचका पाहून बाईने त्याला पाणी पाजले. शाळामास्तरणीने मुलींना उजळणी शिकवावी. एकाने ते पान भर बैठकीत फाडले, असे माझ्या कानावर आले. आजारी असेल तो अमीबा, मी कुठे नाही म्हणते? खाऱ्या पाण्याने त्याला त्रास झाला असेल. पण त्रासात तो जे करत होता ते पिणेच होते. ते करण्यासाठी त्याला कुठेतरी घट्ट व्हावे लागत होते आणि कुठेतरी सैल. कोणीतरी आत ओढत होते. ते कोण, हे न कळता मला मरायचे नाही. पण ते शोधायला माझ्याजवळ आता भिंग नाही. कुलूप अजून तसेच आहे.

तेव्हा हे काम तुम्ही करा. तुमच्या गावच्या शाळेत, दवाखान्यात, कोणाच्या तरी कपाटात सूक्ष्मदर्शक असेल. जा आणि तो मागा. साचलेल्या पाण्यातले कुजके पान घ्या, त्याच्या खालचा लेप काचेवर ठेवा. मोठा अमीबा सापडला की मिठाचे अगदी सौम्य पाणी थेंबाच्या कडेला लावा. तो आखडून बसेल. त्याला मेला म्हणू नका, उठू नका, वाट पाहा. आणि तुमच्या मागे रांगेत जो कोणी उभा असेल, त्यालाही डोळा लावू द्या. मग त्या पानाचे काय करायचे ते ठरवा. खोटे वाटले तर खुशाल फाडा. पण बघितल्याशिवाय फाडू नका, आणि कोणाला फाडू देऊ नका.